विषय किरकोळ

मुंबईतल्या कुठल्याही चित्रप्रदर्शनात शिरा. पहिल्या भिंतीवर बनारसचा घाट असतो: पायऱ्या, वेताच्या छत्र्या, एक साधू, पाण्यात तांबूस प्रतिबिंब. दुसऱ्या भिंतीवर डोक्यावर घडे घेतलेली राजस्थानी बाई. तिसरीवर उधळलेले घोडे, नाहीतर मिटल्या डोळ्यांचा बुद्ध. चित्रकार मात्र डोंबिवलीचा, सांगलीचा नाहीतर नाशिकचा असतो. ज्या घरात त्याचा जन्म गेला त्या घराचा एक कोपराही या भिंतींवर सापडत नाही. विचारलं तर तोंड वर करून सांगतो, "घरात काय आहे काढण्यासारखं?"

मी बरीच वर्षं चित्रकला शिकवते आणि हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. हा प्रश्न घराबद्दल काहीच सांगत नाही, विचारणाऱ्याच्या नजरेबद्दल सगळं सांगतो. ज्याला आपली खोली दिसत नाही त्याला बनारसही दिसत नाही. त्याने बनारसची चित्रं पाहिलेली असतात आणि तिथे जाऊन तो ती पुन्हा काढतो. चार दिवसांची सहल, मोबाइलमध्ये दोनशे फोटो, परत येऊन फोटोवरून कॅनव्हास. याला तो 'प्रेरणा' म्हणतो. मी याला नक्कल म्हणते.

उघड्यावर बसून काम करण्याला माझा विरोध नाही. चित्रकार आबालाल रहिमान वर्षानुवर्षं उघड्यावरच बसले. पण कुठे बसले? कोल्हापुरात. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ. सकाळी तेच तळं, संध्याकाळी तेच तळं. त्यांना विषयासाठी गाडी पकडावी लागली नाही, कारण रोजची जागा रोज वेगळी दिसते हे त्यांना ठाऊक होतं. आजच्या सहलखोर चित्रकाराने आबालालांचं नाव घेऊन स्वतःचं समर्थन करू नये.

या आंधळेपणाची सुरुवात शाळेत होते. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना दरवर्षी गावोगावची मुलं बसतात. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. नावाप्रमाणे पाहिलेलं आठवून काढायचं. प्रत्यक्षात क्लासवाले मुलांकडून माणसं पाठ करून घेतात: एक पाठमोरी बाई, एक सायकलवाला, एक फुगेवाला, कमरेवर हात ठेवलेला एक बाप्या. प्रश्नपत्रिकेत 'बाजार' आला की ही माणसं भाजी विकतात, 'बसस्टॉप' आला की रांगेत उभी राहतात, 'विसर्जन' आलं की गणपतीपुढे नाचतात. पाठमोऱ्या बाईचा अंबाडा तिन्ही चित्रांत तोच. ज्या पोराची आई रोज पहाटे त्याच्या उशापासून दोन हातांवर पोळ्या लाटते, ते पोर आईच्या मानेचा बाक काढत नाही, क्लासमधल्या बाईचा अंबाडा काढतं. त्याला मार्कही मिळतात. स्मरणाच्या नावाखाली आपण मुलांचं स्मरण मारून टाकतो आणि वर ग्रेडचं प्रमाणपत्र देतो.

वस्तुचित्राची गत वेगळी नाही. तांब्या, कपबशी, एक वांगं, मागे चुण्या पाडलेलं कापड. सगळं घरातूनच आणलेलं, पण घर वगळून. तो तांब्या कोण घासतं, कुठल्या कोनाड्यात ठेवतं, त्याच्यावर कुठल्या खिडकीचा उजेड पडतो, काही नाही. मांडलेली वस्तू, ठरलेला कोन, ठरलेली छाया. मुलगा त्यातून एवढंच शिकतो की वस्तू म्हणजे सराव आणि खरं चित्र दुसरीकडे कुठेतरी असतं.

हीच मुलं मोठी होऊन, पदव्या घेऊन माझ्यापुढे बसतात. पहिल्या तासाला मी सांगते, आज सकाळी चहा जिथे प्यायलात ती जागा आठवून काढा. उजेड कुठून येत होता? खिडकीच्या गजांची सावली ओट्यावर पडली होती की जमिनीवर? गॅसमागच्या टाइल्सचा रंग कोणता? वर्ग गप्प होतो. घोडा कोणीही डोळे मिटून काढतो. स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या भिंतीला आहे, यावर मात्र पेन्सिल अडते.

स्मरणचित्र काय असतं ते पाहायचं तर प्येर बोनारकडे जावं. या फ्रेंच चित्रकाराने १९२६ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ल कानेत एक लहानसं घर घेतलं आणि १९४७ मध्ये तिथेच तो वारला. या वीसेक वर्षांत त्याने काय काढलं? जेवणाचं टेबल. टेबलामागची खिडकी. न्हाणीघर. टबात पडून राहिलेली बायको. तो खोलीत कॅनव्हास मांडून बसत नसे. खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीने चार रेघा ओढायचा, त्या दिवशी हवा कशी होती ते टिपून ठेवायचा आणि मग भिंतीला ठोकलेल्या कापडावर महिनोन् महिने आठवणीतून रंगवत राहायचा. म्हणून त्याच्या टेबलावरचं पांढरं कापड पांढरं नाही. त्यात जांभळा आहे, पिवळा आहे, खिडकीबाहेरच्या झाडाचा हिरवा आहे. तेच टेबल त्याने वर्षानुवर्षं काढलं आणि ते संपलं नाही. आपल्याकडे दुसऱ्या प्रदर्शनापर्यंत बनारस संपतं आणि चित्रकार लडाखचं तिकीट काढतो.

घरात काय आहे, असं विचारणाऱ्यांनी जरा माझ्याबरोबर ओट्याशी उभं राहावं. साधा दोनखणी फ्लॅट, कडप्प्याचा ओटा, पश्चिमेची खिडकी, दुपारी चारची वेळ. ओट्यावर स्टीलचा एक डबा. कुठला रंग आहे त्याचा? विद्यार्थी बेधडक पांढऱ्यात काळा कालवतात आणि पत्र्याचा मेलेला तुकडा काढून मोकळे होतात. स्टीलला स्वतःचा रंग नसतो. त्याच्या डाव्या अंगाला खिडकी चिंचोळी, लांबट होऊन उतरलेली असते, तिचे गज वाकलेले असतात. मधोमध एक काळपट पट्टा असतो, तो म्हणजे समोर उभे असलेले तुम्ही. बुडाशी शेजारच्या सिलिंडरचा लाल फासलेला असतो. पलीकडे हळदीने माखलेलं फडकं पडलं असेल तर त्याचा पिवळा डब्यावर चढून येतो. सगळ्यात गडद रेघ सगळ्यात उजळ रेघेला चिकटून असते, मध्ये केसाएवढीही फट नसते, आणि चमक येते ती या शेजारामुळे. काळी ट्यूब बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करा. जो करडा मिळेल तो पाहिजे तर निळ्याकडे झुकतो, पाहिजे तर तपकिरीकडे. जलरंगात काम करत असाल तर ती खिडकीची चिंचोळी पट्टी म्हणजे कागद कोरा सोडायचा. एकदा तिथे रंग गेला की तो पांढरा परत मिळत नाही.

आणि तो कडप्पा. त्याला कोण काळा म्हणतं? ओल्या फडक्याने पुसल्यावर त्यात आभाळ उलटं उतरतं, फडक्याच्या फराट्यांनी चिरलेलं. वाळला की राखी होतो. गॅसच्या वरची भिंत बघा. वर्षानुवर्षांच्या फोडण्यांनी तिथला चुना पिकलेला असतो, शेगडीच्या बरोबर वर गडद आणि बाजूंना फिकट होत गेलेला. असा रंग नळीतून पिळून मिळत नाही. सहाच्या सुमाराला देवघरातला पिवळा दिवा लागतो, खिडकीतला उजेड अजून गेलेला नसतो. आता भिंतीवर पळीच्या दोन सावल्या पडतात, एक निळसर, एक तांबूस. सावली काळी नसते, तिला रंग असतो, हे सिद्ध करायला फ्रान्समध्ये चित्रकारांची एक अख्खी पिढी झिजली. तुमच्या घरात ते रोज संध्याकाळी फुकट दिसतं आणि तुम्ही तेव्हा फोनवर लोकांनी काढलेली घाटाची चित्रं चाळत असता.

"पण मोठा विषय पाहिजे ना," असं म्हणणाऱ्यांना डेन्मार्कचा विल्हेल्म हॅमरशॉय दाखवावा. कोपनहेगनच्या स्ट्रँडगेडमधल्या तीस नंबरच्या घरात तो १८९८ ते १९०९ राहिला आणि त्याच घराच्या आतली साठाहून जास्त चित्रं त्याने काढली. रिकामी खोली, उघडं दार, त्यामागे दुसरं दार, पाठमोरी बायको, बाकी करडा रंग. हॉलंडच्या व्हरमीरची आज जेमतेम पस्तीसेक चित्रं शिल्लक आहेत आणि त्यातली बरीच डाव्या हाताच्या खिडकीपाशी घडतात. इटलीचा मोरांदी बोलोन्यात तीन बहिणींबरोबर राहायचा, ज्या खोलीत झोपायचा त्याच खोलीत बाटल्या मांडून रंगवायचा, आणि इटलीबाहेर जवळजवळ गेलाच नाही. यांना प्रवासाचे पैसे नव्हते म्हणून हे घरात बसले, असं कोणी समजू नये. त्यांचं काम तिथे होतं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका बाईंनी एका प्रदर्शनासाठी चित्र पाठवलं. मोरीजवळ घासून उपडी घातलेली भांडी, ओली शहाबादी फरशी, पातेल्यांच्या कडांवरून ओघळणारं पाणी. मोठं जलरंगातलं काम, फरशीचा ओला भाग आणि वाळलेला भाग यांतला फरक मी भल्याभल्यांच्या चित्रांत पाहिलेला नाही. चित्र नाकारलं गेलं. मी चौकशी केली तेव्हा निवड समितीतले एक सद्गृहस्थ म्हणाले, "हात चांगला आहे, पण विषय किरकोळ. बाईंना सांगा, आता स्वयंपाकघरातून बाहेर पडा." त्याच प्रदर्शनात शर्यतीचे बैल लागले होते, घाट लागला होता, विठ्ठल लागला होता. बैलांचे पाय चुकलेले होते. ते चाललं, कारण विषय मोठा.

मोठा कोणी ठरवला? सतराव्या शतकातल्या फ्रान्सच्या अकादमीने. १६६७ मध्ये फेलिबियाँने चित्रविषयांची उतरंडच लिहून काढली. देवादिक आणि राजे सगळ्यात वर, भांडीकुंडी आणि फळं सगळ्यात खाली. पुढे शार्दां नावाच्या माणसाने तांब्याचं भांडं, कांदे आणि फाडलेला मासा काढून त्या उतरंडीची हवा काढली, त्यालाही आता तीनशे वर्षं होत आली. फ्रान्सने ती उतरंड केव्हाच अडगळीत टाकली. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबईत जे.जे. कला विद्यालय सुरू झालं, युरोपी अकादमीचं शिक्षण आलं, त्याबरोबर ही उतरंड आली आणि आपल्या परीक्षक मंडळींनी ती अजून उराशी धरली आहे. इंग्रज गेले, हे मोजमाप गेलं नाही.

या 'किरकोळ'च्या खाली दडलेलं खरं बोलूया. घर किरकोळ, कारण तिथे बाई राबते. पुरुषाने शेत काढलं की माती, संस्कृती, मुळं. बाईने मोरी काढली की घरगुती. माझ्या वर्गात लग्न झालेल्या, मुलं मोठी केलेल्या बाया येतात. त्या वही उघडायच्या आधी ओशाळतात. "बाई, घरचंच काढलंय हो, दुसरीकडे जायला कुठे मिळतं?" ही शरम त्यांना कोणी शिकवली? दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट नाही ही, चालू महिन्यातली आहे. चित्रकार बर्त मोरिसोला पॅरिसमध्ये पुरुष मित्रांसारखं कॅफेत बसता येत नव्हतं, म्हणून तिने १८७२ मध्ये पाळण्याशी बसलेली बहीण काढली. त्या जाळीदार पडद्याचा पांढरा आज ओर्से संग्रहालयात लोक रांग लावून बघतात. कोणी तिला बाहेर पड म्हणत नाही.

आणि आपल्या मातीत तर चित्र घरातच जन्मलं. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्न असलं की आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा, बांबूच्या काडीचा कुंचला. मधोमध पालघट देवी. तो चौक लिहायचा मान सवासिनींचा. त्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही रेघ कागदावर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती त्यांची कमाई होती. पण त्या रेघेचं मूळ घराच्या आतल्या भिंतीवर आहे, बायांच्या हातात आहे. मिथिलेतही तेच, कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या, खोलीच्या भिंती तिथल्या बायकाच रंगवत आल्या. वारलीचे छापील पडदे आणि कप विकत घेणारा समाज मोरीचं चित्र किरकोळ ठरवतो, याला दुटप्पीपणा म्हणतात.

सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर घ्या. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांचं १९४५-४६ च्या सुमाराचं एक जलरंगचित्र आहे, 'ग्लो ऑफ होप'. साडीतली मुलगी, हातात दिवा, दुसऱ्या हाताची ओंजळ ज्योतीआड धरलेली. बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो आणि कडांशी मांस लालसर दिसतं. जलरंगात हे करणं म्हणजे काय, ते ज्याने कागद भिजवला आहे त्यालाच कळेल. उजेड वरून चढवता येत नाही, आधीपासून राखावा लागतो. या चित्राच्या प्रती देशभर घराघरांत लागल्या आणि निम्म्याअधिक लोकांनी ते रविवर्म्याच्या नावावर खपवलं, कारण आपल्याला चित्रकाराचं नावही मोठंच लागतं. त्या चित्रातली मुलगी कोण? हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. त्या शंभरी ओलांडून २०१८ मध्ये कोल्हापुरात वारल्या. हातात दिवा घेतलेली घरातली पोर, याहून किरकोळ विषय कुठला सांगा. गोव्याचे त्रिंदाद घ्या. त्यांच्या कितीतरी चित्रांत त्यांची पत्नीच बसली आहे. प्रभाकर बरवे घ्या. घड्याळ, पान, टेबलावर पडलेल्या साध्या वस्तू, आणि रंग कुठला, तर एनॅमल, जो आपण दाराखिडक्यांना फासतो. वस्तूकडे कसं पाहावं यावर त्यांनी 'कोरा कॅनव्हास' लिहिलं, १९९० मध्ये, मराठीत. आपल्या भाषेत असलेलं हे पुस्तक किती चित्रकारांनी वाचलंय, हे प्रदर्शनाच्या भिंती सांगतात.

जागा नाही, ही सबब मला ऐकवू नका. चित्रकार के. एच. आरा पोरवयात पळून मुंबईत आले, लोकांच्या घरी नोकर म्हणून राबले, गाड्या पुसल्या. पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत बसले आणि जन्मभर फुलदाण्या, फळं, टेबलं काढली. इतरांच्या घरात काम करताना ज्याला वस्तू दिसल्या, त्याच्यापुढे आपल्या मालकीच्या खोलीतून पळणाऱ्याने जागेचं रडगाणं गाऊ नये. वहीच्या आकाराचा कागद, मांडीवर पाट, पाण्याची वाटी. ओट्याच्या टोकाशी एवढी जागा निघते.

गिऱ्हाईक बनारसच मागतं, ही दुसरी सबब. गिऱ्हाईकाला तुम्ही दुसरं दाखवलंत कधी? सोफ्याच्या रंगाला जुळणारं चित्र मागणाऱ्याच्या दाराशी उभं राहायचं असेल तर खुशाल राहा. पोट सगळ्यांना आहे. पण मग त्याला माल म्हणा, साधना म्हणू नका, आणि ज्या बाईने महिनाभर ओल्या फरशीशी झटापट केली तिला खालच्या पायरीवर बसवू नका.

घरातल्या चित्रात लपायला जागा नसते, म्हणून लोक पळतात. घाट चुकला तर बघणाऱ्याला कळत नाही, कारण त्याने तरी तो कुठे नीट पाहिलाय? पातेल्याची कड चुकली तर घरातली पाच वर्षांची पोरसुद्धा बोट ठेवते. मोबाइलचा फोटो सावल्या आपणहून उजळून देतो, ओट्याशी उभं राहिलं की तुमचं तुम्हालाच ठरवावं लागतं की इथे किती अंधार आहे. आणि त्या खोलीत माणसं असतात. औषधाच्या बाटल्यांशेजारी बसलेला बाप काढायचा तर त्याच्याकडे तासभर बघावं लागतं. साधूकडे बघणं सोपं आहे, त्याच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही.

निवड समित्यांवर बसणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. तुम्ही प्रवेशफी घेता, चित्राच्या चौकटीची मापं इंचाइंचाने सांगता, काच चालेल की नाही ते सांगता. मग नाकारताना कारणही लेखी द्या. रेखाटन कच्चं असेल तर तसं लिहा, रंग मळला असेल तर तसं लिहा, आम्ही मान खाली घालून वाचू. आणि 'विषय किरकोळ' असं म्हणायचं असेल तर तेही लिहा, खाली स्वतःचं नाव घाला आणि सही करा. माझ्या त्या विद्यार्थिनीचं पुढचं चित्र तयार आहे. त्यात पुन्हा मोरीच आहे, आणि ते तुमच्याकडेच येणार आहे.